हे कशाचं आहे? अनोळखी अवजार किंवा मशीनचा पार्ट हातात आला की मी काय काय बघतो

पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, मी गेली बारा-तेरा वर्षं जमेल तसा रविवारी सकाळी तिथं जातो. दरवेळी काही घेतोच असं नाही, पण लोखंडाच्या ढिगासमोर उकिडवं बसायचं, एकेक वस्तू उचलायची आणि ही कशाची असेल म्हणून डोकं चालवायचं हा माझा सगळ्यात आवडता उद्योग आहे. आता मित्र, शेजारी, नातेवाईक माळ्यावरून नाहीतर गोठ्यातून काही निघालं की माझ्याकडेच घेऊन येतात, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच काढावं की मी नेमकं काय करतो.

पहिलं म्हणजे नाव शोधायच्या मागं लागू नका, आधी काम शोधा. नावाच्या मागं लागलं की आपण ओळखीच्या गोष्टींशी जुळवत बसतो, हे सांडशीसारखं दिसतंय, हे अडकित्त्यासारखं दिसतंय, आणि तिथंच फसतो. दिसण्यापेक्षा वस्तू कुठं झिजलीय ते बघा. दिसणं कारागिराच्या हातचं असतं पण झीज ही पुढं वीस-तीस वर्षं जे रोज घडलं त्याची नोंद असते, आणि ती नोंद खोटी नसते.

म्हणूनच आल्या आल्या घासायला बसू नका! हे मी हात जोडून सांगतो. लोक वस्तू घरी आणतात आणि लगेच वायर ब्रश, सँड पेपर, ग्राइंडर घेऊन चकाचक करतात आणि जी माहिती होती ती सगळी नाल्यात. चिकटलेला काळा थर तेलाचा आहे का डांबराचा, खाचेत पांढरं आहे ते चुना आहे का पीठ का खडू, लाकडाची मूठ एकाच बाजूला काळी पडलीय का, हे सगळं आधी बघून घ्या, वास घ्या, फोटो काढा. मग हवं तर रॉकेल आणि जुना टूथब्रश, एवढंच. मला एकदा पितळेची एक छोटी नळी मिळाली होती आणि तिच्या आतल्या कडेला अगदी थोडं लाल लाखेसारखं काहीतरी होतं, मी ते उत्साहात धुऊन टाकलं आणि आज ती नळी माझ्याकडं आहे पण कशाची ते कधीच कळणार नाही, कारण सांगणारी गोष्ट तीच होती.

हात कुठं, बोल्ट कुठं

वस्तू धुवायच्या आधी ठरवायचं ते एवढंच की हे अवजार आहे का कुठल्या तरी मशीनचा सुटा पार्ट. अवजाराला माणसाच्या हाताची जागा असते, मूठ, दांडा, अंगठ्याची खाच, निदान हातोडा मारायला डोकं. पार्टला बोल्टची भोकं असतात, शाफ्ट जायचं बोअर असतं, कीची (शाफ्टवर चाक घसरू नये म्हणून मधे बसवायच्या पट्टीची) खाच असते, मशीन केलेला एक गुळगुळीत सपाट भाग आणि बाकी सगळं खडबडीत ओतीव बीड असतं. जिथं मशीनिंग केलंय तिथं दुसरं काहीतरी येऊन बसत होतं हे नक्की समजा, कारण मशीनिंगला पैसे लागतात आणि कारखानदार नको तिथं ते करत नाही.

भोकंसुद्धा नीट बघा. आटे असलेलं भोक आणि साधं आरपार भोक यांचं काम वेगळं असतं. लांबट भोक असेल तर तिथं सरकवून ॲडजस्ट करायचं होतं. वरच्या बाजूला बारीक एकटंच भोक असेल तर बहुतेक तेल सोडायचं. चारपैकी एकच भोक मुद्दाम थोडं बाजूला सरकवलेलं असेल तर पार्ट उलटा बसू नये म्हणून केलेलं असतं, म्हणजे त्याला दिशा आहे, एका बाजूनंच चालणारं काहीतरी.

मग दोन पिना बाहेर आलेले पान्हे असतात, लोकांना फार कोडं पडतं त्यांचं, पण त्या दोन पिनांमधलं अंतर मोजलं की निम्मं काम झालं. कुठं तरी गोल नट आहे ज्याला तेवढ्याच अंतरावर दोन भोकं आहेत, अँगल ग्राइंडरचा चाकाचा नट तसाच असतो. आणि कोयत्यासारखा वाकडा हुक असलेला पान्हा असेल तर बाहेरून खाचा पाडलेला गोल रिंग नट शोधा, मोटरसायकलच्या मागच्या शॉकॲब्सॉर्बरला असतो तसा.

झिजेची गोष्ट जरा सविस्तर

मी अगदी सुरुवातीला एक पोलादी पाचर घेतली होती. चपटी, वीतभर लांब, एका टोकाकडं निमुळती, जाडी मात्र सगळीकडं सारखी, एक कड सरळ आणि एक तिरकी. मला वाटलं लाकूड फोडायची पाचर, आणि वर्षभर मी तसंच सांगत होतो सगळ्यांना. मग एक दिवस मामा घरी आले. ते आयुष्यभर लेथवर काम केलेले टर्नर. त्यांनी ती हातात घेतली, अंगठा तिच्या कडेवरनं फिरवला आणि म्हणाले, अरे ही ड्रिफ्ट आहे, ड्रिलिंग मशीनची. मी विचारलं कशावरून, तर ते एकेक दाखवत गेले. लाकूड फोडायच्या पाचरीला धार लागते आणि ती जाडीतनं निमुळती असते, ही रुंदीतनं निमुळती आहे. डोकं ठोकून ठोकून थोडं पसरलंय पण हलक्या हातोडीनं, घणानं नाही, घणानं डोकं असं राहिलंच नसतं. एक कड गोल केलेली आहे आणि दुसरी सपाट, आणि सपाट कडेवर एकाच ठरावीक टप्प्यात बारीक चकाकी आहे.

मोठं ड्रिल स्पिंडलमध्ये नुसतं घासून बसतं, त्याची मागची शँक निमुळती असते, साधारण वीसला एक एवढा उतार, त्याला मोर्स टेपर म्हणतात. स्क्रू नाही काही नाही, नुसत्या उतारावर घट्ट बसतं आणि मग हातानं निघत नाही. म्हणून स्पिंडलला आडवी आरपार खाच ठेवतात, त्यात ही पाचर घालून एक टोला दिला की तिची सपाट कड ड्रिलच्या शेपटीला खाली ढकलते. ती चकाकी त्या शेपटीची. गोल कड खाचेच्या गोल टोकाला टेकायला. सगळं जिथल्या तिथं बसलं, एकही खूण शिल्लक राहिली नाही.

त्या दिवसापासनं मी झीज वाचायला लागलो. डोकं छत्रीसारखं पसरलंय म्हणजे हातोडीचा मार खाल्लाय. मूठ एका बाजूला जास्त गुळगुळीत आहे म्हणजे ओढताना जोर लागत होता, ढकलताना नाही. दात्याची एकच बाजू झिजलीय म्हणजे एकाच दिशेनं फिरणारं. भोक गोल होतं ते अंड्यासारखं झालंय तर त्यात काहीतरी लोंबकळत किंवा ओढलं जात होतं, आणि लांबटपणाची दिशा ही ओढीची दिशा. ओरखडे समांतर आहेत का गोल फिरलेत तेही बघा. बॅटरी सरळ वरून मारू नका, अगदी आडवी, जवळजवळ वस्तूला टेकवून धरा, अंधाऱ्या खोलीत, मग जे दिसतं ते दिवसा उजेडी दिसत नाही.

प्रत्येक वळणाला कारण असतं

आपल्याकडच्या जुन्या अवजारांमध्ये तर एक रेघ उगाच नसते. गवंड्याचा ओळंबा घ्या. दोरी, खाली पितळेचं नाहीतर लोखंडाचं वजन, आणि वर दोरीत ओवलेला एक छोटा लाकडाचा किंवा पितळेचा तुकडा. हा वरचा तुकडा सुटा सापडला तर कुणालाही कळणार नाही, मधे भोक असलेला साधा ठोकळा. पण त्याची रुंदी आणि खालच्या वजनाचा व्यास मोजा, तंतोतंत एक निघतो. वरचा तुकडा भिंतीला टेकवायचा आणि खालचं वजन भिंतीला नुसतं शिवून राहिलं तर भिंत सरळ उभी. दोन वेगळ्या भागांची मापं अशी हुबेहूब जुळली तर तो योगायोग समजू नका, कामाचा जीव तिथंच असतो. माझ्या व्हर्निअरचा, म्हणजे बारीक मापं घ्यायच्या कॅलिपरचा, सगळ्यात चांगला उपयोग मला हाच वाटतो.

किंवा ही बघा, लोखंडाचे चपटे, स्वल्पविरामासारखे वळलेले छोटे पत्रे, भोकं फक्त बाहेरच्या गोल कडेला, आतली कड मोकळी. एका बाईंनी मला हे दागिन्याचे साचे असतील म्हणून दाखवले होते. ह्या बैलाच्या पत्र्या. घोड्याचा नाल सगळ्यांना माहीत असतो म्हणून आपण एकसंध नालच शोधतो, पण बैलाचा खूर दुभंगलेला, दोन्ही भाग चालताना वेगवेगळे हलतात, म्हणून एका खुराला दोन सुट्या पत्र्या मारतात, एका बैलाला आठ. भोकं बाहेरच्या कडेलाच का तर खिळे खुराच्या बाहेरच्या जाड कवचात जायला हवेत, आत गेले तर जनावर लंगडं होईल. म्हणजे भोकांची जागा बघूनच कळतं की हे कुठल्या तरी जिवंत, नाजूक गोष्टीवर बसत होतं.

तसंच चाडं. पेरणीला चाड्यावर मूठ धरली असं आपण म्हणतो पण आता शहरातल्या किती पोरांनी चाडं बघितलंय? लाकडाचा वाडगा, खोलगट, आणि तळाला तीन तिरकी भोकं (दुफणीच्या चाड्याला दोन). बंगल्यांमध्ये मी ते उलटं टांगून दिव्याची शेड केलेलं पाहिलंय, मला खरंच वाईट वाटलं. भोकं तिरकी आणि तीन दिशांना फाकलेली का असतात हा प्रश्न विचारला की उत्तर येतंच. एका जागी टाकलेलं काहीतरी तीन ठिकाणी सारखं वाटून जायचं होतं, त्या भोकांत बांबूच्या नळ्या, नळ्या खाली तिफणीच्या तीन फणांच्या मागं, आणि वर बाईची मूठ हळूहळू बी सोडत असते. आतला काठ जिथं मूठ टेकायची तिथं कसा तुळतुळीत झालेला असतो ते जमलं तर एकदा बोट फिरवून बघा.

मुंबईच्या बाजूला असाल तर धोटा नक्की समोर येईल, चोर बाजारात मटन स्ट्रीटवर मी कितीतरी पाहिले. होडीसारखं गुळगुळीत लाकूड, दोन्ही टोकांना लोखंडी अणकुचीदार टोपणं, मधे लांब पोकळी आणि पोकळीत एक काडी, बाजूला चिनीमातीचं बारीक भोक. विकणारा शोपीस म्हणून विकतो. समजा तुम्हाला काहीच माहीत नाही, तरी बघा कुठपर्यंत जाता येतं. दोन्ही टोकं सारखी आणि टोकदार, म्हणजे हे दोन्ही दिशांना जातं आणि कशाच्या तरी मधून वाट काढतं. टोपणं लोखंडी, म्हणजे टोकावर दणका बसतो. बाकी अंग आरशासारखं, म्हणजे घसरत जातं, आणि जिथनं जातं तिथं काहीतरी नाजूक आहे, साधं कुसळ जरी निघालं तरी चालणार नाही. पोकळीतल्या काडीवर काहीतरी बसवायचं. आणि चिनीमातीचं भोक कशाला? कारण तिथनं जे जातं ते सतत जातं आणि लाकूड-लोखंड कापून काढतं, आणि असं कापणारी मऊ गोष्ट म्हणजे सूत. झालं की, मागाचा धोटा, काडीवर सुताची कांडी. हातानं टाकायच्या ऐवजी दोरीच्या झटक्यानं पळणारा धोटा १७३३ साली इंग्लंडात जॉन के यानं आणला, आणि मुंबईत पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये काढली. १८ जानेवारी १९८२ चा संप आणि त्यानंतर बंद पडत गेलेल्या गिरण्या हे तर घराघरात माहीत आहे, त्या यंत्रांचे हे तुकडे. एक धोटा माझ्या टेबलावर आहे आणि त्याच्या एका अंगावर कुणाची तरी आद्याक्षरं कोरलेली आहेत.

दाते मोजायचा कंटाळा करू नका

गिअर सापडला तर दाते मोजाच, खडूनं पहिल्या दात्यावर खूण करून, दोनदा. मामांनीच शिकवलेलं हे. एका ढिगात मला एक मोठं पातळ दातेरी चाक मिळालं, मोजले तर १२७. विचित्र आकडा ना, १२० नाही १३० नाही. मामांना फोनवर नुसता आकडा सांगितला, वस्तू न बघता म्हणाले लेथचा चेंज गिअर, म्हणजे आट्यांचं माप बदलायला बदलून लावायचं चाक. कारण एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, त्याला पाचनं गुणलं की १२७, आणि १२७ ला दुसऱ्या कशानंच भाग जात नाही. इंचाच्या लीडस्क्रूच्या (हत्यार पुढं सरकवणाऱ्या लांब स्क्रूच्या) लेथवर मिलिमीटरचे आटे अचूक पाडायचे असतील तर हे १२७ दात्यांचं चाकच लागतं.

दाते मोजण्याचं सगळ्यात मोठं उदाहरण ग्रीसमधलं आहे. अँटिकिथेरा बेटाजवळ बुडालेल्या जहाजातून १९०१ मध्ये ब्राँझचा एक गंजलेला गोळा वर आला, आत चाकं, किमान तीस. कशाचं यंत्र ते कित्येक दशकं कळेना. मग क्ष-किरणांनी आतले दाते मोजता आले, एक चाक २२३ दात्यांचं निघालं, आणि २२३ चांद्रमास म्हणजे ग्रहणांचं चक्र, अठरा वर्षं आणि अकरा दिवस. दोन हजार वर्षं जुना आकाशाचा हिशोब, आणि गुपित दात्यांच्या संख्येत. त्यातही १२७ दात्यांचं एक चाक आहे बरं का, तिथं ते चंद्राच्या १९ वर्षांतल्या २५४ फेऱ्यांच्या निम्मं म्हणून आलंय, इंचाशी त्याचा काही संबंध नाही, पण म्हणूनच ते वाचलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता.

दात्यांसारखंच एक जोड किंवा संच दिसला तर आकड्यांमधलं नातं बघा. पत्र्याची किंवा पितळेची तीन-चार भांडी, आकार एकच, आणि पाणी ओतून पाहिलं तर प्रत्येक भांडं आधीच्याच्या दुप्पट, म्हणजे ती धान्याची मापं. दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेर म्हणजे पायली. लहान होत जाणाऱ्या भोकांची पोलादी पट्टी मिळाली तर सोनाराची तार ओढायची पट्टी. एकटी वस्तू अवघड असते, तिची भावंडं मिळाली की बोलायला लागते.

धातू, आटे आणि शिक्के

धातूचं थोडक्यात सांगतो. लोहचुंबक कायम खिशात ठेवा. कानस हलकेच कडेला लावून बघा, चावली नाही आणि घसरली तर पोलाद कडक केलेलं आहे, म्हणजे कापणारं, ठोकणारं किंवा घासलं जाणारं काहीतरी. हातोडी पितळेची किंवा तांब्याची असेल तर समोरच्या वस्तूवर वण पडू नये म्हणून, नाहीतर ठिणगी उडू नये म्हणून. लोखंडी अंगात आतून पांढरट मऊ धातूचा थर, नखानं ओरखडा उठेल असा, तर ते बेअरिंग. काळं-तपकिरी बेकेलाइट असेल तर वीज किंवा उष्णता जवळपास होती, आणि ते १९०७ नंतरचंच.

आटे उलटे असतील तर आनंद माना, कारण उलटे आटे फार मोजक्या ठिकाणी असतात. सायकलचं डावं पेडल, बेंच ग्राइंडरची डावी बाजू, ॲसिटिलीनसारख्या पेटणाऱ्या गॅसची जोडणी. गॅसच्या नटाला तर कोपऱ्यांवर मुद्दाम खाच पाडलेली असते, उलटे आटे आहेत हे कळावं म्हणून. आट्यांचा कोन ५५ अंश असेल तर व्हिटवर्थ, म्हणजे जुनं ब्रिटिश माप, १८४१ पासूनचं, आणि ६० असेल तर मेट्रिक किंवा अमेरिकन, साधं थ्रेड गेज लावलं की कळतं. आणि जुन्या पान्ह्यावर ३/८ डब्ल्यू लिहिलेलं असेल आणि तोंड मोजलं तर १८ मिलिमीटर भरेल, तेव्हा गोंधळू नका, व्हिटवर्थच्या पान्ह्यावर तोंडाचं माप नसतं, बोल्टच्या जाडीचं असतं.

शिक्का पुसट असेल तर पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल आडवी घासा, किंवा टाल्कम पावडर चोळून जास्तीची पुसून टाका, अक्षरं उठतात. पेटंट नंबर मिळाला तर लॉटरीच, नेटवर पेटंट फुकट शोधता येतात आणि चित्रासकट मिळतात. ब्रिटिश पेटंटचे नंबर १९१६ पासून एक लाख एकपासून सलग चालू झाले, त्याआधी दरवर्षी एकपासून. डी.आर.पी. किंवा डी.आर.जी.एम. अक्षरं म्हणजे जर्मन माल, दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटापर्यंतचा. वेस्ट जर्मनी असं असेल तर १९४९ ते १९९०. आय.एस.आय. (आपली मानकं ठरवणारी संस्था) असेल तर १९४७ च्या आधीचं असूच शकत नाही कारण ती संस्थाच तेव्हा निघाली. वजनावर तोळे किंवा शेर असतील तर मेट्रिकच्या आधीचं, आपला तो कायदा १९५६ चा.

एक गोष्ट जिवाची

अनोळखी वस्तू उघडायची घाई कधीच करू नका. सीलबंद, आकाराच्या मानानं फार जड, शिशाचं वाटणारं काही असेल, त्यावर तीन पाकळ्यांचं पंख्यासारखं चिन्ह असेल, तर हात लावू नका, लांब व्हा, ११२ ला फोन करा. एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरीत एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतनं लिलावात गेलेलं जुनं उपकरण भंगारवाल्यांनी उघडलं, आत कोबाल्ट-६० होतं, एका कामगाराचा जीव गेला आणि कितीतरी जण भाजले. ती माणसंही आपल्यासारखीच, हे कशाचं आहे म्हणून बघत होती. लष्कराच्या सरावाच्या मैदानाजवळ सापडलेलं कुठलंही नळकांडं तसंच, जागेवरनं हलवायचंसुद्धा नाही. शॉकॲब्सॉर्बर किंवा दाबलेली स्प्रिंग खोलू नका. काचेच्या नळीत चंदेरी थेंब हलत असेल तर तो पारा. आणि रेल्वेच्या रुळाजवळची वळलेली पोलादी क्लिप दिसायला कितीही भारी असली, तरी ती रूळ धरून ठेवते, घरी आणणं हा १९६६ च्या कायद्यानं गुन्हा आहे.

माणसांना कसं विचारायचं

सगळं करून जिथं अडतं तिथं माणूस लागतो, आणि हे जरा लवकर करायला हवं, कारण ज्यांनी ही हत्यारं चालवली ती माणसं आता सत्तरी-ऐंशीत आहेत. माझे मामा गेल्या वर्षी गेले. त्यांच्याबरोबर किती गेलं ते मला रोज ढिगासमोर बसल्यावर कळतं.

विचारताना आपला अंदाज आधी सांगू नका. वस्तू नुसती हातात द्या आणि गप्प बसा, आणि त्यांच्या तोंडाकडं नाही, हातांकडं बघा. ज्यानं ते वापरलंय त्याचा हात आपोआप बरोबर ठिकाणी जातो, नाव आठवायच्या आधी. मी एका म्हाताऱ्या चर्मकार काकांच्या हातात एक अर्धगोल पातं दिलं होतं, त्यांनी ते लगेच अंगठा वर ठेवून धरलं आणि दुसरा हात मांडीवर सपाट टेकवला, कातडं धरल्यासारखा, बोलले नंतर, रापी म्हणून. आणि प्रश्न "हे काय आहे" असा विचारू नका, "हे तुमच्या कामातलं आहे का" असं विचारा, कारण पहिल्या प्रश्नाला लोक भिडेपोटी काहीतरी उत्तर देऊन टाकतात, दुसऱ्याला नाही म्हणायला सोपं जातं, आणि नाही हेसुद्धा आपल्याला हवंच असतं. लोहार, सुतार, गवंडी, सोनार, शेतकरी, मिलमधले जुने जॉबर (कामगारांवरचे मुकादम), सगळ्यांकडं फिरा. विकणाऱ्यालाही विचारा, हे कुठल्या मालाबरोबर आलं, कारण ढिगात शेजारी काय होतं हा फार मोठा पुरावा असतो. पुण्यात असाल तर केळकर संग्रहालयात एक दिवस काढा, नुसते अडकित्ते आणि दिवे बघितले तरी एकाच कामाला किती रूपं असू शकतात हे कळतं.

आणि मग अंदाज मोडून बघा

उत्तर मिळालं असं वाटलं की मी ते मोडायचा प्रयत्न करतो. वस्तूवरचं प्रत्येक भोक, प्रत्येक खाच त्या उत्तरात बसते का? एक जरी उरलं तरी उत्तर अपुरं. झीज त्याच जागी आहे का जिथं त्या कामात असायला हवी? जोडीचा भाग मिळवून प्रत्यक्ष बसवून बघता येईल का?

इथं मला नेहमी रोमन काळातल्या त्या ब्राँझच्या बाराकोनी वस्तू आठवतात. पोकळ, बारा पंचकोनी बाजू, प्रत्येक बाजूला वेगळ्या मापाचं गोल भोक, कोपऱ्यांवर बोंडं. शंभराहून जास्त सापडल्यात, सगळ्या युरोपच्या उत्तर-पश्चिम भागात, २०२३ मध्ये इंग्लंडात लिंकनशायरला आणखी एक निघाली, पण त्या कशासाठी होत्या हे आजही ठरलेलं नाही. कुणी म्हणतं अंतर मोजायला, कुणी म्हणतं मेणबत्ती लावायला, कुणी तर त्यावर लोकरीचे हातमोजे विणून दाखवलेत. पण विणता येतं याचा अर्थ विणत होते असा होत नाही ना. त्यांच्यावर वापराची झीजच दिसत नाही, आणि भोकांची मापं एकाची दुसऱ्याशी जुळत नाहीत, म्हणजे मोजायचं साधन म्हणणं अवघडच. तिथं थांबायचं, आणि "माहीत नाही" असं स्वच्छ लिहायचं.

मी प्रत्येक वस्तूला सुतळीनं एक चिठ्ठी बांधतो. लांबी, वजन, धातू, कुठं मिळाली, शेजारी काय होतं, कुणी काय सांगितलं, आणि काय नाही हे ठरलं. सध्या टेबलावर आहे ती चिठ्ठी अशी आहे: बाभळीची मूठ, पुढं लोखंडाचा दोन बोटांचा चिमटा न उघडणारा, एकूण २३ सेंटिमीटर, वजन ४१० ग्रॅम, दोन बोटांमधल्या बेचक्यात आतून चकाकी, ओरखडे आडवे, मुठीच्या बुडाला लोखंडी कडी आणि ती कडी एका बाजूनं निम्मी झिजलेली. शिरूरजवळच्या एका वाड्याच्या सामानातून, शेजारी दोन विळे आणि जात्याचा खुंटा. लोहार म्हणाले आमचं नाही. चर्मकार काका म्हणाले आमचं नाही. बेचक्यातून दोरी किंवा वेत ओढला जात असावा असं ओरखड्यांवरून वाटतंय, कडीत काहीतरी अडकवून ताण दिलेला असावा. म्हणून पुढच्या आठवड्यात ते घेऊन मी आधी दोरखंड वळणाऱ्यांकडं जाणार आहे आणि तिथून बुरूड आळीत.